पहिल्या टाळीची नोकरी

टाळी वाजवायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तरी मास्तरांना वाजवताना ऐकायला हवं होतं. शहराच्या मधोमध जे भलंमोठं ऑपेरा हाउस उभं आहे, आणि ज्याला तिथे काम करणारे नुसतं ‘मोठं घर’ म्हणतात, तिथे मास्तरांनी एकेचाळीस वर्षं टाळ्या वाजवल्या. पगारी, म्हातारपणाच्या पेन्शनीसकट. तिसऱ्या सज्जात, डावीकडच्या दुसऱ्या खांबाला लागून असलेली सतरा नंबरची खुर्ची त्यांची. रंगमंच, समोरचा मानाचा कक्ष आणि गाणाऱ्याच्या बरगड्या एका नजरेत दिसतील अशी घरात ती एकच जागा होती. गाणं संपत आलं की मास्तर पहिली टाळी टाकायचे, तिच्यामागून इकडे तिकडे पेरलेली त्यांची सहा माणसं, आणि मग अख्खं घर. घराला वाटायचं, आपल्यालाच आवडलं.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ऑपेरा म्हणजे सगळं गाऊन सांगायचं. भांडायचं ते गाऊन, मरायचं तेही गाऊन, आणि मरायला चांगली वीस मिनिटं घ्यायची. त्यात गाणं नक्की कुठे संपलं हे भल्याभल्यांना कळत नाही. टाळी क्षणभर लवकर पडली तर गाणाऱ्याच्या शेवटच्या सुराचा गळा दाबला जातो, क्षणभर उशिरा पडली तर घर थंड पडतं आणि मग कितीही वाजवा, ऊब येत नाही. मास्तर गाणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघतच नसत. ते बरगड्यांकडे बघत. बरगड्या बसल्या की एक मोजायचं आणि टाकायची. दुःखाच्या गाण्याला तळहाताची वाटी करून वाजवायची ती ओली टाळी, विजयाच्या गाण्याला चार बोटं तळहातावर मारून वाजवायची ती कोरडी. मास्तरांची ओली टाळी घरात शेवटच्या रांगेपर्यंत जायची आणि तिथल्या बायका पदराला, रुमालाला, जे हाताशी असेल त्याला डोळे पुसायच्या.

मास्तर बाविसाव्या वर्षी नोकरीला लागले तेव्हा राजा होता. राजेसाहेबांनी वाजवल्याशिवाय कोणी टाळी वाजवायची नाही असा नियम होता, आणि राजेसाहेबांना दुसऱ्या अंकात हटकून झोप लागायची. त्यामुळे एकेका गाण्यानंतर घर चिडीचूप, गाणारे हात जोडून उभे, आणि मानाच्या कक्षातून घोरण्याचा आवाज. दरबाराने यावर तोड काढली. सतरा नंबरच्या खुर्चीवरची टाळी ही राजेसाहेबांचीच टाळी समजावी, असा हुकूम निघाला. म्हणजे मास्तर चार वर्षं राजाच्या हातांनी टाळ्या वाजवत होते आणि त्या ऐकून राजेसाहेब दचकून जागे होत होते.

मग एका मंगळवारी राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं. चष्मेवाले नवे कलामंत्री रंगमंचावर उभे राहून म्हणाले, “स्वतंत्र नागरिकाला टाळीसाठी मुकादम लागत नाही!” या वाक्यावर टाळी पडायला हवी होती. पण मास्तरांना त्याच दिवशी कामावरून काढलेलं होतं, त्यामुळे ती पडली नाही. पुढचे तीन आठवडे मोठ्या घराने जे भोगलं ते शत्रूवरही येऊ नये. एकदा नायिका मेली तर ती पुन्हा उठेल म्हणून लोक वाट बघत बसले. एकदा नायकाने मधेच श्वास घ्यायला थांबण्याची चूक केली, तर घर असं कडाडलं की वाद्यवृंद तीन पानं पुढे निघून गेला आणि नायक मागे राहिला. नव्याचे नऊ दिवस सरले. चौथ्या आठवड्यात मास्तरांना ‘रसग्रहण साहाय्यक’ या नव्या पदावर घेण्यात आलं. खुर्ची तीच, खांबही तोच.

प्रजासत्ताक सहा वर्षं टिकलं. मग जनरलसाहेब आले, आणि त्यांच्या राज्यात दातांच्या डॉक्टरांची गोष्ट घडली. ही नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

हे दातांचे डॉक्टर पाचव्या रांगेत बसत. भला माणूस, गाण्याचा षौकीन. एका ऑपेरात कैदी तुरुंगाच्या दारातून बाहेर येतो आणि गातो की, अरेच्चा, आकाश अजून आहे तिथेच आहे. त्या ओळीवर डॉक्टरांनी टाळी वाजवली. एकट्याने, मधेच, मनापासून. मास्तरांची टाळी अजून दोन ओळी लांब होती. दुसऱ्या दिवशी दोन सभ्य गृहस्थ दवाखान्यात आले आणि त्यांनी आदबीने विचारलं, “टाळी नेमकी त्याच ओळीवर का?” त्यांनी डॉक्टरांना ना मारलं, ना नेलं. ते फक्त रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसत आणि तेच विचारत. पंधरा दिवसांत पेशंट यायचे बंद झाले. दात दुखत असतानाही माणसं त्या बाकावर बसायला तयार होईनात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तेव्हापासून शहराला एक सवय लागली. गाणं संपलं की लोक आधी तिसऱ्या सज्जातल्या डावीकडच्या दुसऱ्या खांबाकडे बघत आणि मग हात हलवत. आईबापांनी हे पोरांना शिकवलं नाही, पोरं बघूनच शिकली. मास्तरांना यात फार मोठेपण वाटायचं असं नाही. पण थोडं वाटायचं, ते का नाकारा?

जनरलसाहेब अकरा वर्षांनी गेले आणि लोकांचं सरकार आलं. मानाच्या कक्षात गिरण्यांतले कामगार पाळीपाळीने बसू लागले आणि टाळ्यांची पंचवार्षिक योजना तयार झाली. दर अंकाला अमुक इतक्या टाळ्या, त्यातल्या एवढ्या उत्स्फूर्त. मास्तरांनी पहिल्याच वर्षी उत्स्फूर्त टाळ्यांचं उद्दिष्ट बारा टक्क्यांनी ओलांडलं आणि त्यांना पितळी बिल्ला मिळाला. त्यांच्या बायकोने तो पिठाच्या डब्याच्या झाकणाला लावला, कारण झाकणाची मूठ तुटली होती.

ही बाई मोठ्या घरात कोट सांभाळायच्या खिडकीवर होती. सरकार बदललं की तिला वर्तमानपत्राच्या आधी कळायचं. “आज खुंटीवर फरचे कोट कमी आणि खाकी जास्त,” ती घरी येऊन सांगायची, “उद्यापासून तुमच्या पदाचं नाव बदलणार बघा.” आणि बदलायचंच. पळसाला पानं तीन तशी मास्तरांना खुर्ची एकच. नवऱ्याबद्दल तिची तक्रार वेगळीच होती. “जगाला टाळ्या वाटता. माझ्या जेवणाला तीस वर्षांत एकदा तरी बरं झालंय म्हणालात?” मास्तर म्हणायचे, “घरी हातांना विश्रांती लागते गं.” हे मात्र खरं होतं. भांडी घासणं, लाकडं फोडणं, खिळा ठोकणं, सगळं तीच करायची. हात हे घरातले कमावते सदस्य होते. थंडीत त्यांना तेल लागायचं आणि हातमोजे मिळायचे, तिच्या हातांना मात्र यातलं काहीच नाही.

चौदा वर्षांनी लोकांच्या सरकारलाही लोकांनीच घालवलं, निवडणुका आल्या, आणि मोठ्या घरात कोट-टाय घातलेला एक तरुण मॅनेजर आला. त्याने येताना यंत्र आणलं. घरभर छोटे माइक लावले आणि दर गाण्याला किती टाळी पडली याचा आलेख रोज सकाळी त्याच्या टेबलावर येऊ लागला. ज्याचा आलेख वर त्याचा करार पुढे, ज्याचा खाली तो घरी. मास्तरांना ‘प्रतिसाद समन्वयक’ केलं. यंत्राला त्यांची टाळी ओळखता यावी म्हणून त्यांच्याकडून शंभर ओल्या आणि शंभर कोरड्या टाळ्या वाजवून घेऊन साठवल्या. “आता तुमची टाळी लाखात ओळखू येईल,” मॅनेजर म्हणाला. मास्तरांनी हातावर फुंकर मारली.

आता मुलीकडे येऊ. मास्तरांची मुलगी मोठ्या घरातच समूहगानात होती. समूहगान म्हणजे मागे उभं राहायचं, कधी गावकरी व्हायचं, कधी कैदी, कधी लाटा, आणि कोणाला आपला आवाज वेगळा ऐकू येता कामा नये याची काळजी घ्यायची. अकरा वर्षं तिने हे केलं. मग एका बुधवारी मुख्य गायिकेचा घसा बसला आणि ‘शर्ट’चा तिसरा अंक मुलीच्या वाट्याला आला.

‘शर्ट’ हे या घराचं सगळ्यात जुनं ऑपेरा. त्यात एक धोबीण लढाईवर मेलेल्या नवऱ्याचा शर्ट धुते, इस्त्री करते आणि घडी घालते. राजाच्या काळात तिचा नवरा राजासाठी मरायचा, मग प्रजासत्ताकासाठी मरू लागला, मग जनरलसाहेबांसाठी, मग लोकांसाठी, आणि हल्ली कोणासाठी ते कार्यक्रमपत्रिकेत मोकळं सोडलेलं असायचं. नवरा दरवेळी मरायचा आणि शर्ट तोच होता. त्यातलं घडी घालतानाचं गाणं मोठं अवघड. ते वर चढत नाही, खाली खाली येत जातं आणि कोणी खोलीतून हळूच निघून जावं तसं संपतं.

करारही त्याच एका गाण्यावर ठरणार होता. आलेख वर गेला तर मुलगी मुख्य गायिका, नाहीतर गुरुवारपासून पुन्हा लाटा. सकाळी ती बापापुढे येऊन बसली.

“बाबा, आज तुम्ही वाजवायची नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे टाळी. माझ्या गाण्याला नाही. तुमच्या त्या सहा जणांनाही सांगा.”

“अगं, पण तुझा करार...”

“म्हणूनच. तुम्ही वाजवलीत तर दगडालाही टाळी पडते. मी दगड आहे की गाणारी आहे, हे मला एकदा कळू दे.”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. “हे लोक आपणहून वाजवत नाहीत गं. त्यांना ते येतच नाही.”

“कसं येईल? चाळीस वर्षं तुम्ही त्यांना वाजवू दिलीत का?”

 मास्तर म्हणाले, रजा घेतो. पण त्या आठवड्यात मॅनेजरने सगळ्यांच्याच रजा बंद केल्या होत्या, आणि मुलीला ते माहीत होतं. तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला. “माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला.”

गाणारीने गळ्याची शपथ घालावी म्हणजे सुताराने बोटांची घालण्यासारखं. स्वयंपाकघरातून आई ओरडली, “वेडी का खुळी तू? शपथ घालायला दुसरं काही मिळालं नाही?” पण शपथ घातली गेली होती.

संध्याकाळी मास्तर सतरा नंबरवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर नीट बसले. सहा जणांना त्यांनी सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या अंकात मुलगी आली. अंगावर धोबिणीचा झगा, हातात तो शर्ट. सवयीने मास्तरांची नजर तिच्या बरगड्यांवर गेली. मग त्यांना आठवलं की आज बरगड्यांशी आपल्याला काही कर्तव्य नाही. नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून त्यांनी ती तिच्या तोंडावर ठेवली.

आणि तिथे घोटाळा झाला. एकेचाळीस वर्षं मास्तरांनी हे गाणं हजार वेळा संपवलं होतं, पण ऐकलं कधीच नव्हतं. संपण्याची वाट बघणाऱ्याला गाणं ऐकू येत नाही. त्यांचा समज होता की ही बाई नवऱ्याला उद्देशून गाते. ती शर्टाशी बोलत होती. बाही कोपरात फाटली आहे, मी ती शिवणार नाही, कारण तिथून तुझं कोपर बाहेर यायचं, असं म्हणत होती. एवढं साधं होतं ते. गाता गाता मुलीने शर्टाची कॉलर बोटांनी सारखी केली. मास्तरांची कॉलर ती लहानपणी अशीच सारखी करायची, बाप कामावर निघाला की, खुर्चीवर उभी राहून. मास्तरांना वाटलं, आपल्या घरात ही एवढी वर्षं गात होती आणि आपण हात जपत बसलो. त्यांना रडू आलं. त्यांनी ते आवरलंही नाही.

गाणं संपलं. घर गप्प. पहिल्या रांगेतलं एक डोकं खांबाकडे वळलं, मग पाच, मग रांगाच्या रांगा. हजार माणसं मान वर करून एका म्हाताऱ्याकडे बघत होती आणि त्या म्हाताऱ्याला गाणं संपल्याचं ठाऊक नव्हतं. कुठेतरी फाट्कन आवाज झाला. बेढब, सपाट, डास मारल्यासारखा. तो आपल्याच हातांचा आहे हे मास्तरांना दुसऱ्या टाळीला कळलं, आणि तोवर बांध फुटलेला होता. घर उठून उभं राहिलं. आलेख कागदाच्या बाहेर गेला.

 घरी येऊन मुलीने एकच विचारलं, “टाळी तुम्ही वाजवलीत ना?”

“मीच.”

“लोक गप्प बसले, मी तिथे उभी राहिले, आणि तुम्हाला माझी दया आली.”

“दया नाही गं. वाजली आपोआप.”

“तुमची टाळी आपोआप? बाबा, मला काय बाहेरची समजता?”

मास्तरांनी आणखी सांगायचा प्रयत्न केला, पण ज्याने जन्मभर खोट्या टाळ्या खऱ्या म्हणून खपवल्या, त्याची एक खरी टाळी कोण खरी मानणार? गुरुवारी मुख्य गायिकेचा करार घरी आला. मुलीने तो उघडलाही नाही. सोमवारी परत करणार आणि लाटांत जाऊन उभी राहणार, एवढं तिने आईला सांगितलं. मास्तर दोन दिवस जेवणावरून उठून जात राहिले. आता जेवण बरं झालंय असं ते म्हणालेही, पण बायकोने लक्ष दिलं नाही.

शनिवारी मोठ्या घराचा शिपाई आणखी एक लखोटा घेऊन आला. मास्तरांच्या नावाचा. पाच सरकारांत त्यांना असा लखोटा कधी आला नव्हता. चष्मा सापडेना, म्हणून बायकोने तो मुलीच्या हातात दिला. ती कोरड्या आवाजात वाचू लागली.

“‘बुधवारच्या प्रयोगात तिसऱ्या अंकातील गाण्यानंतर आपली टाळी यंत्राच्या नोंदीत आढळून आलेली नाही. पहिली टाळी विहित वेळेनंतर सहा सेकंदांनी, तिसऱ्या सज्जातील एका...’” ती थांबली.

“वाच की,” आई म्हणाली.

“‘...एका अज्ञात श्रोत्याने वाजवल्याचे दिसते. सदर टाळी अप्रशिक्षित असून आपल्या साठवलेल्या दोनशे नमुन्यांपैकी एकाशीही जुळत नाही. तरी आपण कर्तव्यावर असताना टाळी का वाजवली नाही, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’”

मुलीने कागद खाली ठेवला. “बाबा, एक ओली वाजवून दाखवा.”

मास्तरांनी वाटी करून वाजवली. गोल, खोल, स्वयंपाकघरातल्या भांड्यांना जाऊन लागेल अशी. हा आवाज ती पाळण्यापासून ओळखत होती. दया आली असती तर हेच हात होते, हीच टाळी पडली असती, आणि वेळेवर पडली असती. बुधवारचा तो फाट्कन आवाज तिला आता आठवला. बापाचं जे तिला खरं वाटलं नव्हतं, ते सरकारी कागदावर तिला खरं वाटलं. हेही या शहराला साजेसंच झालं म्हणा.

“मग बुधवारी कशी वाजवलीत?”

मास्तरांनी हात पुढे केले, वाटी करायला गेले, सपाट करून पाहिले. “ती नाही येत गं पुन्हा,” ते म्हणाले.

“ते राहू दे,” बायको म्हणाली, “खुलाशाचं बघा. पोट बिघडलं होतं असं लिहा. साहेब लोकांना पोटाचं पटतं.”

मास्तरांनी मान हलवली आणि पेन घेतलं. ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ एवढं लिहून झालं तेव्हा मुलीने पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. ते शब्द खोडले, खाली आपल्या अक्षरात दोनच शब्द लिहिले आणि कागद बापापुढे सहीसाठी सरकवला. ते सही करेपर्यंत ती उठून कपाटातून आपला करार घेऊन आली, आणि पेनासाठी हात पुढे करून उभी राहिली.

मास्तरांनी सही करण्याआधी खुलासा एकदा वाचला. त्यावर लिहिलं होतं, ‘ऐकत होतो.’